‘चॉकलेट’च्या नोंदीतलं ‘कडू पाणी’ काढा : मराठी कोशकारांना खुलं पत्र

मराठीतले कोशकार, ज्ञानकोशांचे संपादक आणि शब्दांवर सदरं लिहिणारे लेखक यांस,

सप्रेम नमस्कार.

मागणी आधी सांगते, कारणं मागून. ‘चॉकलेट’ या शब्दाची व्युत्पत्ती देताना ‘अ‍ॅझ्टेक भाषेतील झोकोलाट्ल, अर्थ कडू पाणी’ हे वाक्य कृपया यापुढे छापू नका. मी पुण्यात स्पॅनिश शिकवते. दर वर्षी नवे विद्यार्थी हे वाक्य पाठ करूनच वर्गात येतात. कोणी ते पुरवणीत वाचलेलं असतं, कोणी प्रश्नमंजूषेत त्यावर गुणही मिळवलेले असतात. जागतिक चॉकलेट दिनाच्या लेखांत तर ते हमखास असतं. एवढ्या आत्मविश्वासाने सांगितली जाणारी ही माहिती चार ठिकाणी चुकते: भाषेच्या नावात, उच्चारात, अर्थात आणि मुळात असा शब्द होता या गृहीतकात.

‘अ‍ॅझ्टेक’ नावाची भाषा आज कोणी बोलत नाही आणि अ‍ॅझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान हिच्या वैभवाच्या काळातही कोणी बोलत नव्हतं. भाषेचं नाव नावात्ल. स्पॅनिश लेखनात त्या नावाच्या मध्ये ‘एच’ आणि ‘यू’ अशी दोन अक्षरं येतात. ती जोडी फक्त ‘व’चा उच्चार दाखवते. इंग्रजीवरून वाचल्यामुळे आपल्याकडे तिचं ‘नाहुआट्ल’ झालं. शेवटचा ‘त्ल’ हा त्या भाषेत एकच ध्वनी आहे आणि देवनागरीत त्याच्या जवळ जाणारं जोडाक्षर आपल्याकडे तयार आहे, मग ‘ट्ल’ कशाला?

शिवाय ही भाषा मेलेली नाही. मेक्सिकोच्या २०२० सालच्या जनगणनेत तीन वर्षांवरच्या १६,५१,९५८ लोकांनी आपण नावात्ल बोलतो असं सांगितलं. २००३ च्या भाषिक हक्क कायद्याने तिथल्या सर्व मूलनिवासी भाषांना स्पॅनिशच्या बरोबरीने राष्ट्रीय भाषा मानलं. २००८ साली तिथल्या मूलनिवासी भाषा संस्थेने जी अधिकृत यादी प्रसिद्ध केली, तिच्यात ६८ भाषासमूह आणि ३६४ भाषारूपं आहेत; त्यांतली ३० एकट्या नावात्लची. म्हणूनच जाणकार ‘नावात्ल भाषा’ असं अनेकवचन वापरतात. ग्वेरेरोच्या डोंगरातला माणूस आणि वास्तेका भागातला माणूस एकमेकांशी बोलताना अडतात. बोलणारे स्वतः आपल्या भाषेला अनेकदा ‘मेशिकानो’ म्हणतात. पुएब्लाच्या उत्तर डोंगराळ भागात, क्वेत्सालानच्या बाजूला, तिचं नाव ‘मासेवालताह्तोल’, म्हणजे साध्या कष्टकरी माणसांची बोली.

या भाषांतला एक फरक लक्षात ठेवा, कारण पुढे तो लागणार आहे. पाण्याला मध्य मेक्सिकोत ‘आत्ल’ म्हणतात. पुएब्लाच्या त्याच डोंगरात आणि थेट एल साल्वाडोरमध्ये ते ‘आत्’ होतं. तिथे ‘त्ल’ हा ध्वनीच नाही. पश्चिम किनाऱ्याकडच्या काही बोलींत त्याच जागी नुसता ‘ल’ ऐकू येतो. म्हणजे ‘नावात्लमध्ये अमुक शब्द असा आहे’ असं म्हणताना कुठल्या गावच्या नावात्लमध्ये, हा प्रश्न आधी विचारावा लागतो. आपण तरी मालवणी, अहिराणी आणि वऱ्हाडी यांना एकाच ओळीत कोंबलेलं चालवून घेऊ का?

आता त्या ‘झोकोलाट्ल’कडे येते. सोळाव्या शतकातल्या मिशनऱ्यांनी ही भाषा रोमन लिपीत लिहिताना ‘एक्स’ हे अक्षर ‘श’ या उच्चारासाठी वापरलं. मेक्सिको हे नाव तेव्हा ‘मेशिको’ असं म्हटलं जात होतं. त्यामुळे शब्द असलाच तर तो ‘शोकोलात्ल’ असायला हवा. ‘झ’ हा केवळ इंग्रजी वाचनाचा परिणाम.

उच्चार सुधारला तरी अर्थ सुधारत नाही. शोकोक म्हणजे आंबट. कडू याला नावात्लमध्ये वेगळा शब्द आहे, चिचिक. आलोन्सो दे मोलिना या फ्रान्सिस्कन धर्मगुरूचा मोठा नावात्ल कोश १५७१ साली मेक्सिको शहरात छापला गेला. त्यात हे दोन्ही शब्द वेगवेगळे आहेत आणि त्यांच्यापुढचे अर्थही वेगवेगळे. आंबट फळाला शोकोत्ल म्हणत. आंबवलेल्या मक्याच्या पेजेला शोकोआतोली म्हणत; मेक्सिकोतल्या खेड्यांत ती पेज आजही रांधली जाते आणि ती खरोखर आंबट असते. ज्या भाषकांनी आंबट आणि कडू यांत इतका स्वच्छ फरक ठेवला, त्यांच्या तोंडी ‘शोको म्हणजे कडू’ हा अर्थ आपण घालतो आहोत. आणि हे कोण करतंय? लोणच्याला आंबट आणि कारल्याला कडू म्हणणारे आपण.

बरं, आंबट तर आंबट, ‘आंबट पाणी’ तरी चालेल का? तेही जमत नाही. शोकोक आणि आत्ल यांचा समास केला तर शोकोआत्ल असं रूप मिळतं. मधला ‘ल’ कुठून आला, याचं उत्तर या व्युत्पत्तीकडे नाही. सुरुवातीच्या ‘च’चं काय करायचं, याचंही नाही. त्या काळच्या स्पॅनिशमध्ये ‘श’ हा ध्वनी होता, त्यामुळे नावात्लमधले ‘श’चे शब्द स्पॅनिशांना जड गेले नाहीत. त्यांनी ते तसेच घेतले आणि पुढे स्पॅनिशमधला ‘श’ घशातून येणाऱ्या ‘ह’कडे सरकला तेव्हा हे शब्दही सरकले. शितोमात्लचं ‘हितोमाते’ झालं. शोकोत्ल या आंबट फळाचं ‘होकोते’ झालं. मध्य अमेरिकेच्या बाजारात ते फळ आजही याच नावाने विकलं जातं. नावात्लमध्ये मुळात ‘च’ असलेले शब्द मात्र ‘च’नेच राहिले, चील्लीचं ‘चिले’ झालं.

यापेक्षा बोलका पुरावा खुद्द काकावच्या मुलखात आहे. (‘काकाव’ हा कोकोच्या झाडाचा आणि बीचा स्पॅनिश शब्द, इंग्रजीने त्याचं ‘कोको’ केलं.) आजच्या चियापास राज्याच्या प्रशांत किनाऱ्याला पूर्वी शोकोनोच्को म्हणत, म्हणजे आंबट निवडुंगफळांची जागा. मेशिकांच्या, म्हणजे आपण ज्यांना अ‍ॅझ्टेक म्हणतो त्यांच्या, राज्याला सर्वोत्तम काकाव इथून जात असे. मेंदोसा या सोळाव्या शतकातल्या हस्तलिखितात असलेल्या करांच्या यादीत या प्रांतापुढे काकावची २०० ओझी नोंदलेली आहेत. स्पॅनिशांच्या तोंडी या नावाचं ‘सोकोनुस्को’ झालं. काकाव जिथून येत होता, त्या प्रांताच्या नावातला ‘शोको’ त्यांनी ‘चोको’ केला नाही आणि पेयाच्या नावातला तेवढा केला, हे मला पटत नाही.

आता कागदपत्रं पाहू. मोलिनाच्या कोशात चोकोलात्ल नाही, शोकोलात्लही नाही. काकावच्या पेयाला तिथे ‘काकावा आत्ल’ म्हटलं आहे, सरळ ‘काकावचं पाणी’. बेर्नार्दिनो दे सहागून यांच्या नावाने ओळखला जाणारा बारा खंडांचा ग्रंथ १५७७ च्या सुमारास पुरा झाला. तो नावात्ल विद्वानांच्या मेहनतीवर उभा आहे; आस्कापोत्साल्कोचा आंतोनियो वालेरियानो हा त्यांतला एक. या मंडळींनी राजवाड्यातली काकावची पेयं एकेक करून सांगितली आहेत: मध घातलेलं, फुलं घातलेलं, कोवळ्या व्हॅनिलाच्या शेंगांचं, लाल, काळं, पांढरं. बाजारात काकाव विकणारी बाई चांगली असेल तर कशी करते आणि लबाड असेल तर त्यात काय मिसळते, हेही लिहून ठेवलं आहे. इतक्या बारकाव्यांनी लिहिणाऱ्यांच्या लेखणीतून ‘चोकोलात्ल’ एकदाही उतरत नाही. त्यांचा शब्द काकावात्ल. आणि मध, फुलं, व्हॅनिला यांनी सजलेल्या त्या पेयाला त्याच लोकांनी ‘कडू पाणी’ म्हणावं, हे मनाला कसं रुचेल?

शब्द प्रथम ठळक दिसतो तो स्पेनच्या राजाने पाठवलेल्या फ्रान्सिस्को एर्नांदेस या वैद्याच्या लिखाणात. तो १५७० च्या दशकात मेक्सिकोत वनस्पती गोळा करत होता. त्याने चोकोलात्ल या नावाचं एक विशिष्ट पेय सांगितलं आहे: काकाव आणि पोचोत्ल, म्हणजे सेइबा वृक्षाच्या बिया, समप्रमाणात. पुढे १५९० साली जेझुइट होसे दे आकोस्ता ‘चोकोलाते’बद्दल लिहितो तेव्हा तिथल्या स्पॅनिश बायकांना त्याचं वेड लागलेलं असतं. म्हणजे स्पॅनिशांनी मेक्सिको जिंकल्यानंतरच्या दोन पिढ्यांत, दोन समाज एकमेकांत मिसळत असताना, हा शब्द वर येतो.

तो कुठून आला? याबद्दल विद्वानांत एकमत नाही आणि हे आपल्या वाचकांना सांगायला काहीच हरकत नाही. स्पॅनिशचे मोठे व्युत्पत्तिकार जोआन कोरोमिनस यांनी एर्नांदेसच्या कृतीवर बोट ठेवलं आणि पोचोत्ल व काकावात्ल यांच्या जोडशब्दाची झीज होऊन हे रूप बनलं असावं असं सुचवलं. मेक्सिकोचे इग्नासियो दाविला गारिबी यांनी १९३९ मध्ये वेगळी वाट दाखवली: माया भाषांतला ‘गरम’ या अर्थाचा शब्द आणि नावात्लचा आत्ल. पेय गरम पिण्याची चाल स्पॅनिशांनी वाढवली, तेव्हा यातही काही तथ्य वाटतं.

मला सर्वांत विचार करायला लावणारा तर्क कॅरन डेकिन आणि सोरेन विखमन या भाषाशास्त्रज्ञांचा आहे. तो त्यांनी २००० साली मांडला. पूर्वेकडच्या अनेक नावात्ल बोलींत हा शब्द ‘चिकोलात्ल’ असा आहे, ‘चो’ नव्हे, ‘चि’. चिकोली म्हणजे आकडेदार काठी. काकावचं पेय घुसळून फेस आणण्याची, आपल्या रवीसारखी जी लाकडी काठी असते, तिच्याकडे हा शब्द बोट दाखवतो असं त्यांचं म्हणणं. म्हणजे चिकोलात्ल, घुसळून केलेलं पेय. इथे ‘ल’ आपोआप सुटतो, ‘च’ही सुटतो. राहतो तो पहिला स्वर. पुढच्या ‘को’च्या ओढीने ‘चि’चा ‘चो’ होणं कुठल्याही भाषेत घडू शकतं.

यावर एक रास्त आक्षेप आहे. स्पॅनिश येण्यापूर्वी फेस आणायला काठी वापरत नसत. उभं राहून एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून धार सोडत. सोळाव्या शतकाच्या मध्यावरच्या तुदेला हस्तलिखितात एक बाई नेमकं हेच करताना रेखाटली आहे. पण मला वाटतं, हा आक्षेप उलट त्या तर्काच्या मदतीला येतो. घुसळायची काठी वसाहतीच्या काळात रुळली आणि शब्दही त्याच काळात कागदावर आला. नवी रीत, नवं नाव. तरीही मी तुम्हाला हीच व्युत्पत्ती छापा असं म्हणणार नाही. टेरेन्स कॉफमन आणि जॉन जस्टसन यांनी २००७ मध्ये डेकिन-विखमन यांच्या मांडणीला, विशेषतः त्यातल्या ‘काकाव’बद्दलच्या भागाला, सविस्तर विरोध केला आहे.

त्या ‘काकाव’चं मूळ तर नावात्लच्याही पलीकडे जातं. लाइल कॅम्पबेल आणि कॉफमन यांनी १९७६ मध्ये मांडलं की हा शब्द मिहे-सोके या भाषाकुलातून इतरत्र पसरला. मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावरचे प्राचीन ओल्मेक लोक हेच कुल बोलत असावेत. डेकिन-विखमन यांना तो नावात्लच्या स्वतःच्या कुलातला वाटतो. वाद कसाही मिटो, शब्द फार जुना आहे यात शंका नाही. ग्वातेमालातल्या रिओ आसुल इथे १९८४ मध्ये उघडलेल्या एका थडग्यात पाचव्या शतकातलं फिरकीच्या झाकणाचं भांडं मिळालं. त्यावरची माया अक्षरं डेव्हिड स्टुअर्ट यांनी वाचली, तर त्यांत ‘काकाव’ होतं. आतला अंश प्रयोगशाळेत तपासला, तर तोही काकावचाच निघाला.

आणि याच शब्दाने वेगवेगळ्या ठिकाणी काय काय अर्थ धारण केले! भुईमूग दक्षिण अमेरिकेचा. मध्य मेक्सिकोत तो आला तेव्हा नावात्ल लोकांनी त्याला ‘त्लाल्काकावात्ल’ म्हटलं. त्लाल्ली म्हणजे भुई, म्हणून भुई-काकाव. आपण मुगाला भुई जोडली, त्यांनी काकावला. पुढे स्पॅनिशमध्ये त्यातली भुई गळून पडली आणि ‘काकावाते’ एवढंच उरलं. आज मेक्सिकोत काकावाते मागितले तर शेंगदाणे मिळतात. राजाच्या पेल्यातला शब्द रस्त्याकडेच्या पुडीत गेला.

दक्षिणेला एल साल्वाडोरमध्ये मात्र ‘काकावात्’ काकावच राहिला. तिथले नावात्ल कुळीतले लोक पिपील. त्यांची भाषा नावात, शेवटच्या ‘ल’शिवाय. त्यांचा इसाल्को परिसर सोळाव्या शतकात काकावसाठी नावाजलेला होता. त्याच परिसरात जानेवारी १९३२ मधल्या उठावानंतर सरकारने हजारो लोकांची कत्तल केली, त्यांत बहुसंख्य मूलनिवासी होते. त्यानंतर आईबापांनी भीतीने मुलांशी नावात बोलणं सोडलं. आज ती मोजक्या वृद्धांच्या तोंडी आहे आणि काही तरुण ती नव्याने शिकत आहेत. ‘अ‍ॅझ्टेकांची प्राचीन भाषा’ असं आपण सहज लिहितो, तेव्हा या माणसांना आपण जिवंतपणीच इतिहासात ढकलतो. मला या पत्रात सर्वांत जास्त टोचणारी गोष्ट हीच आहे.

तुम्ही म्हणाल, मराठी कोशाचा या सगळ्याशी संबंध काय? संबंध असा की हे शब्द आपल्या जिभेवर आहेत. टोमॅटो नावात्ल आहे. तोमात्ल हे फुगीर रसाळ फळांचं सामान्य नाव; मध्य मेक्सिकोत आजही ‘तोमाते’ म्हणजे सालपटातलं हिरवं फळ आणि आपला लाल टोमॅटो तो ‘हितोमाते’. घोलवड-डहाणूच्या बागायतदारांनी नावारूपाला आणलेल्या चिकूचं नावही तिकडचं. त्सापोत्ल म्हणजे गोड, मऊ गराचं फळ; त्यातल्या या जातीला स्पॅनिशमध्ये ‘चिकोसापोते’ म्हणतात. मिरचीचं रोप त्याच भूमीतून आलं, पण तिला आपण मिरीवरून आपलं नाव दिलं. अशा शब्दांपुढे नुसतं ‘इंग्रजी’ किंवा ‘पोर्तुगीज’ लिहून थांबणं म्हणजे वाटेतल्या बंदराला माहेर समजणं. कृ. पां. कुलकर्णी यांनी १९४६ साली मराठीला व्युत्पत्तिकोश दिला. एकेका शब्दाचा माग काढण्याची ही शिस्त आपल्याकडे आहे. ती दूरच्या भाषांतून आलेल्या शब्दांनाही लावावी, एवढंच मागते आहे. मराठीला २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपल्या प्राचीनतेचे पुरावे आपण किती कसोशीने मांडले होते, ते आठवा.

नोंद कशी असावी, याचा एक मसुदा देते. शब्दांत फेरफार करायला तुम्ही मोकळे आहात:

चॉकलेट, न. [इंग्रजीमार्गे स्पॅनिश ‘चोकोलाते’ वरून. मूळ मेक्सिकोतील नावात्ल भाषांत, घडण अनिश्चित. पूर्वेकडील बोलींतील ‘चिकोलात्ल’ (घुसळण्याची काठी + पेय) यावरून असा एक तर्क. ‘शोकोलात्ल, कडू पाणी’ ही प्रचलित व्युत्पत्ती निराधार: शोकोक म्हणजे आंबट, आणि असे रूप मोलिनाच्या १५७१ च्या कोशात नाही.]

छापील कोशांची पुढची आवृत्ती निघायला वेळ लागेल, हे मी जाणते. संकेतस्थळांवरच्या नोंदी मात्र आजच बदलता येतील. सदरलेखकांना विनंती अशी की पुढच्या जुलैत चॉकलेट दिनाचा लेख लिहाल तेव्हा ‘अनिश्चित’ हा शब्द वापरायला कचरू नका. स्पॅनिश साधनं वाचताना कुठे मदत लागली तर मी आणि माझे विद्यार्थी ती विनामूल्य करू.

कळावे, लोभ असावा.

आपली,
स्पॅनिशची एक शिक्षिका, पुणे